बी.एस्सी. की बी.फार्म.? दुकानाचा परवाना आणि मुलांचा कल

बारावीचा निकाल हाती येतो, पाठोपाठ सीईटीचे पर्सेंटाइल कळते, आणि विज्ञान शाखेच्या मुलामुलींच्या घरांत पुढचे काही आठवडे एकाच चर्चेत जातात. ‘नीट’मध्ये एमबीबीएसला पुरतील इतके गुण मिळालेले नसतात, अभियांत्रिकीची ओढ नसते, मग दोन नावे पुढे येतात, बी.एस्सी. आणि बी.फार्म. आपल्या समाजात या चर्चेला आणखी एक पदर असतो. कोणाच्या घरी पिढीजात मेडिकल दुकान असते, कोणाची औषधांची घाऊक पेढी असते, कोणाच्या मामांकडे एखाद्या कंपनीची एजन्सी असते. मुलाने काय शिकावे या प्रश्नात दुकानाच्या परवान्याचा प्रश्न नकळत मिसळतो आणि पुष्कळदा पहिल्याचे उत्तर दुसराच देऊन टाकतो.

‘घरात एक फार्मासिस्ट असावा’ ही वडीलधाऱ्यांची इच्छा अयोग्य नाही. परंतु ती इच्छा हाच निर्णयाचा एकमेव आधार झाला, तर चार वर्षे मुलाची जातात आणि प्रमाणपत्र तेवढे दुकानाच्या भिंतीवर राहते. म्हणून दोन्ही वाटा नेमक्या कशा आहेत, कायदा कोणाला काय देतो आणि कोणत्या मुलाला कोणती वाट मानवेल, याचा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे.

दोन पदव्यांचा मूळ फरक

फार्मसीची पदवी ही एका नियमित पेशाची पदवी आहे. वकिलाला सनद मिळते, डॉक्टरची नोंद वैद्यकीय परिषदेकडे होते, तशी फार्मसीच्या पदवीधराची नोंद राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे होते. ही नोंद झाली की कायद्याने काही कामे त्यालाच करता येतात. इतरांना ती करता येत नाहीत.

विज्ञानाच्या पदवीचे तसे नाही. बी.एस्सी. हा पाया आहे. त्यावर काय बांधायचे ते विद्यार्थ्याने ठरवावयाचे असते: एम.एस्सी., संशोधन, अध्यापन, उद्योगातील प्रयोगशाळा, स्पर्धा परीक्षा किंवा व्यवस्थापन. पाया घालून तिथेच थांबणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. वर मजले चढवणाऱ्याला मात्र तो फार दूरवर नेतो. म्हणून ‘बी.एस्सी. करून काय होते?’ असे विचारण्यापेक्षा ‘बी.एस्सी.नंतर पुढे शिकण्याची तयारी आहे का?’ असे विचारणे अधिक योग्य ठरेल.

काळाचा हिशेबही मांडून पाहावा. डी.फार्म. दोन वर्षांचे, त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. बी.फार्म. चार वर्षांचे, एम.फार्म. आणखी दोन वर्षांचे. विज्ञानाची पदवी नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांत घेता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. चार वर्षे केलेल्यास एम.एस्सी. एका वर्षात पूर्ण करण्याची सोय आहे. म्हणजे बी.एस्सी. आणि एम.एस्सी. मिळून पाच वर्षे, तर बी.फार्म. आणि एम.फार्म. मिळून सहा. ‘फार्मसी लवकर संपते’ हा समज पूर्ण खरा नाही. चार वर्षांनी हाती कामाचा कायदेशीर अधिकार असलेली पदवी येते, एवढेच त्यात तथ्य आहे.

फार्मसीच्या अभ्यासात काय असते?

पुष्कळांना फार्मसी म्हणजे गोळ्यांची नावे आणि त्यांचे उपयोग पाठ करणे असे वाटते. प्रत्यक्षात बी.फार्म.च्या आठ सत्रांचा आवाका मोठा आहे. आरंभी मानवी शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र आणि असेंद्रिय रसायन, पुढे सेंद्रिय रसायन, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधनिर्मितीतील अभियांत्रिकी, त्यानंतर औषधी रसायनशास्त्र, औषधांच्या शरीरावरील क्रियेचे शास्त्र, वनौषधींचा शास्त्रीय अभ्यास, औषधविषयक कायदे, गुणवत्ता नियंत्रण आणि उपकरणांच्या साहाय्याने केले जाणारे विश्लेषण. गणित गटातून आलेल्यांना जीवशास्त्राचा आणि जीवशास्त्र गटातून आलेल्यांना गणिताचा पूरक विषय पहिल्या वर्षी घ्यावा लागतो. त्यामुळे अकरावी-बारावीत दोहोंपैकी कोणताही गट घेतलेल्या विद्यार्थ्याला ही वाट खुली आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मात्र हवेच.

हा अभ्यास विस्ताराने मोठा असला तरी प्रत्येक विषयाची खोली मर्यादित असते. शुद्ध रसायनशास्त्राचा विद्यार्थी एखादी अभिक्रिया का घडते याचा शोध तळापर्यंत घेतो. फार्मसीचा विद्यार्थी त्या अभिक्रियेतून तयार झालेला पदार्थ रुग्णाच्या शरीरात कसा विरघळेल, किती वेळ टिकेल, दुसऱ्या औषधाबरोबर घेतल्यास काय होईल याकडे लक्ष देतो. एकाची जिज्ञासा पदार्थाकडे असते, दुसऱ्याची रुग्णाकडे. आपल्या मुलाला कोणत्या प्रश्नांत रस वाटतो हे बारावीपर्यंत घरच्यांच्या ध्यानात आलेले असते. विचारण्याचे काम तेवढे राहून जाते.

फार्मसीतही एकच वाट नाही. २००८ पासून आपल्या देशात फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू आहे. त्यातील शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते आणि भर रुग्णालयातील कामावर असतो. डॉक्टर होण्याची इच्छा अपुरी राहिलेल्या आणि रुग्णसेवेची खरी ओढ असलेल्या मुलांनी त्याची माहिती अवश्य घ्यावी. अमेरिकेत फार्मासिस्ट होण्याचे मनात असणाऱ्यांनी तर ती घ्यायलाच हवी. २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना तिथल्या पात्रता परीक्षेस बसण्यासाठी किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. चार वर्षांचे बी.फार्म. त्याला पुरत नाही. पदवी झाल्यावर हे कळून हिरमुसण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

विज्ञानाची वाट : पुढे चालणाऱ्याची

बी.एस्सी.चा प्रवेश बहुतेक महाविद्यालयांत बारावीच्या गुणांवर होतो, फीही तुलनेने कमी असते. त्यामुळे ‘दुसरे काही मिळाले नाही म्हणून बी.एस्सी.’ अशी या पदवीची प्रतिमा झाली आहे. ती प्रतिमा या पदवीवर अन्याय करणारी आहे. बी.एस्सी. झालेला विद्यार्थी ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीमध्ये एम.एस्सी.ला जाऊ शकतो. केंद्रीय विद्यापीठांची दारे सीयूईटी-पीजी या परीक्षेने उघडतात. पुढे सीएसआयआर-नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.चा खर्च घरावर पडत नाही. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून, आणि आयसर ही संस्था २००६ पासून आपल्याच राज्यात आहे. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून आहे. तिथे रसायन आणि औषधनिर्माण हे दोन्ही प्रवाह एकाच आवारात नांदतात.

परंतु या वाटेला धीर लागतो. पहिली काही वर्षे समवयस्क मुले कमावू लागलेली असतात, आणि संशोधनाचा विद्यार्थी अठ्ठावीस-तिशीपर्यंत शिष्यवृत्तीवर असतो. व्यापारी घरात हे जड जाते. वयाच्या बाविसाव्या वर्षी गादीवर बसलेल्या चुलतभावाशी त्याची तुलना होते, लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलगा अजून शिकतोच आहे का?’ असे विचारले जाते. मुलाला या वाटेने पाठवताना घराने हा धीर आधीच मनात साठवला पाहिजे. तो नसेल, तर मुलाचे मन अर्ध्या वाटेवर खचते.

दौलतसिंह कोठारी आणि विक्रम साराभाई हे दोघेही जैन कुटुंबांतले. कोठारींनी अलाहाबादला मेघनाद साहा यांच्याकडे भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले, पुढे ते केंब्रिजला गेले. १९६४ ते १९६६ च्या शिक्षण आयोगाचे ते अध्यक्ष होते. साराभाई अहमदाबादच्या गिरणीमालकांच्या घरचे. त्यांनी १९४७ मध्ये भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी केली आणि घरच्या साराभाई केमिकल्स या औषध कंपनीचा कारभारही पाहिला. शुद्ध विज्ञान शिकणारा मुलगा व्यवसायाला मुकतो, या भीतीला त्यांचे आयुष्य हे एक उत्तर आहे.

औषध उद्योगात दोघांचीही जागा

औषधाच्या कारखान्यात दोन वेगळी कामे चालतात, हे व्यापाऱ्याच्या घरातही सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. पहिले काम मूळ औषधी द्रव्य तयार करण्याचे, ज्याला बाजारात एपीआय किंवा ‘बल्क ड्रग’ म्हणतात. तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ अशा रासायनिक औद्योगिक वसाहतींत चालणारे काम हे बव्हंशी रसायनशास्त्राचे असते. तिथे एम.एस्सी. केलेल्या रसायनतज्ज्ञाला मान असतो. दुसरे काम त्या द्रव्यापासून गोळी, कॅप्सूल, सिरप किंवा इंजेक्शन तयार करण्याचे. गोळी पोटात योग्य वेळी विरघळली पाहिजे, सिरप वर्षभर टिकले पाहिजे, इंजेक्शन निर्जंतुक असले पाहिजे. हे फार्मसीचे क्षेत्र होय.

औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालील नियम १९४५ चे. त्या नियमांनी दोन्ही पदवीधरांना उत्पादनात स्थान दिले आहे, मात्र अंतर ठेवून. ज्याच्या देखरेखीखाली उत्पादन चालते असा तज्ज्ञ फार्मसीचा पदवीधर असेल, तर त्याला अठरा महिन्यांचा अनुभव पुरतो. रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेतलेला विज्ञान पदवीधर असेल, तर तीन वर्षांचा अनुभव लागतो. चाचणी विभागाच्या प्रमुखपदी विज्ञान, फार्मसी किंवा वैद्यक यांपैकी कोणत्याही शाखेचा अनुभवी पदवीधर चालतो. म्हणजे विज्ञान पदवीधराला दार बंद नाही, उंबरठा थोडा उंच आहे. याउलट सरकारी औषध निरीक्षक व्हायचे असेल, तर फार्मसीची पदवी किंवा वैद्यकातील ठरावीक विशेष शिक्षण लागते. तिथे साधी बी.एस्सी. चालत नाही.

जगाच्या पाठीवर मोठी औषधे शोधणारी माणसे दोन्ही वाटांनी आलेली आहेत. रक्ताच्या कर्करोगावरील औषधाचा शोध लावणाऱ्या आणि १९८८ चे नोबेल मिळवणाऱ्या गर्ट्रूड एलियन रसायनशास्त्रात एम.एस्सी. होत्या. हिवतापावरील आर्टेमिसिनिनसाठी २०१५ चे नोबेल मिळालेल्या चीनच्या तू यूयू यांचे शिक्षण औषधनिर्माणशास्त्रातले. दोघींनीही पीएच.डी. केलेली नव्हती.

दुकान, परवाना आणि घरातील मुले

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून वा मोजून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. किरकोळ विक्रीच्या दुकानात हे काम त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झाले पाहिजे. दुकानाचा मालक मात्र फार्मासिस्टच असला पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मालक बी.कॉम. असू शकतो, बारावी असू शकतो. त्याने नोंदणीकृत फार्मासिस्ट पगारावर ठेवला म्हणजे झाले.

घाऊक पेढीचे नियम आणखी वेगळे आहेत. घाऊक परवान्यासाठी लागणारी जबाबदार व्यक्ती नोंदणीकृत फार्मासिस्ट असू शकते. कोणत्याही शाखेचा पदवीधर असून औषधव्यवसायातील एक वर्षाचा अनुभव असला तरी चालते. आणि दहावी उत्तीर्ण व चार वर्षांचा अनुभव असलेली व्यक्तीही चालते. तेव्हा ‘आपली होलसेल आहे, म्हणून मुलीला फार्मसीला घातले पाहिजे’ हे म्हणणे नियमांत कोठेच बसत नाही. बी.एस्सी. झालेली मुलगी एक वर्षाच्या अनुभवानंतर त्या परवान्यासाठी तितकीच पात्र ठरते.

हे सांगण्याचे कारण असे, की पुष्कळ घरांत मुलीला किंवा नव्या सुनेला केवळ परवान्यापोटी डी.फार्म. करायला लावले जाते. तिला गणिताची आवड असते, किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात पुढे जायचे असते. पण ‘दोन वर्षांचा तर प्रश्न आहे’ असे म्हणून तिचा अर्ज भरला जातो. पुढे तिचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत दुकानात लागते, आणि ती स्वतः दुकानात क्वचितच दिसते. याच्याच जोडीला बाहेरच्या फार्मासिस्टचे प्रमाणपत्र महिन्याच्या रकमेवर ‘लावण्याची’ प्रथा काही ठिकाणी रूढ आहे. दोन्ही गोष्टी कायद्याच्या दृष्टीने सारख्याच सदोष आहेत. फार्मासिस्टची उपस्थिती कागदावर नव्हे, काउंटरवर अपेक्षित आहे.

ती का अपेक्षित आहे हेही समजून घ्यावे. अनुसूची ‘एच-१’ मधील प्रतिजैविके आणि इतर औषधे विकताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र वही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. २०१४ पासून हा नियम अमलात आहे. इन्सुलिन व लसी दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. सारख्या नावांची दोन औषधे, वृद्ध रुग्णाची एकाच वेळी चालू असलेली पाच-सहा औषधे, गर्भवतीला चालणारी व न चालणारी औषधे, हे सारे पाहणारा माणूस काउंटरमागे जाणता असावा लागतो. दोन ओळींच्या चिठ्ठीमागे एका घराचे सौख्य असते. ज्याला या कामात मन आहे त्याने जरूर फार्मासिस्ट व्हावे. ज्याला नाही त्याला या जागी बसवणे रुग्णाच्या हिताचे नाही आणि पेढीच्या नावाच्याही हिताचे नाही.

व्यवसायाचे गणितही बदलले आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अनुसूचित औषधांची कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला जातो. त्यातून ऑनलाइन विक्री आणि साखळी दुकाने ग्राहकाला सूट देतात. केवळ घराजवळ दुकान आहे म्हणून ग्राहक येईल, हे दिवस सरत आहेत. यापुढे ग्राहक सल्ल्यासाठी येईल, आणि सल्ला देण्यासाठी शिकलेला माणूस लागेल. मुलगा किंवा मुलगी मनापासून फार्मसी शिकली, तर दुकानाला तिचा हा खरा लाभ आहे.

उद्योग उभारण्यासाठी तर फार्मसीची पदवी हवीच असेही नाही. टॉरेंट समूहाचे संस्थापक उत्तमभाई मेहता हे विज्ञानाचे पदवीधर. औषध कंपनीत वैद्यकीय प्रतिनिधी म्हणून वर्षानुवर्षे काम करून त्यांनी १९५९ मध्ये स्वतःचा उद्योग सुरू केला. ल्युपिनचे देशबंधू गुप्ता रसायनशास्त्राचे एम.एस्सी. आणि पिलानीचे अध्यापक. त्यांनी १९६८ मध्ये कंपनी काढली. सन फार्माचे दिलीप संघवी वाणिज्य शाखेचे पदवीधर. वडिलांच्या कोलकात्यातील औषधांच्या घाऊक व्यापारात त्यांनी धडे घेतले आणि १९८३ मध्ये कंपनी सुरू केली. तिघांनीही आपल्याला काय येते ते ओळखले आणि जे येत नव्हते त्यासाठी जाणकार माणसे जोडली.

अहिंसेच्या दृष्टीने काही शंका

आपल्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: फार्मसीत प्राण्यांवर प्रयोग करावे लागतात का? बी.फार्म.च्या सध्याच्या अभ्यासक्रमात औषधक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतील प्राण्यांवरील प्रयोग संगणकीय प्रणाली आणि चित्रफितींच्या साहाय्याने दाखवावेत, असे स्पष्ट लिहिलेले आहे. विज्ञान शाखेतही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये ते थांबवण्यास सांगितले. तेव्हा पदवीपर्यंत या कारणाने कोणतीही वाट टाळण्याचे प्रयोजन नाही.

पदव्युत्तर टप्प्यावर मात्र विचारपूर्वक विषय निवडावा. औषधक्रियाशास्त्रात एम.फार्म. करणाऱ्याला किंवा जीवशास्त्रातील काही संशोधनांत प्राण्यांवरील प्रयोग येऊ शकतात. सूक्ष्मजीवशास्त्रात जंतू वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही माध्यमांत मांसाचा अर्क असतो. याउलट औषधी रसायनशास्त्र, गुणवत्ता हमी, औषधरूपशास्त्र, संगणकीय औषधसंशोधन, सांख्यिकी अशा शाखांत हा प्रश्न फारसा येत नाही. नव्या औषधांच्या चाचणीविषयीच्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी इतर वैज्ञानिक पद्धती वापरण्यास वाव मिळाला आहे. कॅप्सूलच्या जिलेटिनला वनस्पतिजन्य सेल्युलोजचा पर्याय आज उपलब्ध आहेच. ज्या मुलांना हे प्रश्न अस्वस्थ करतात, त्यांनी या क्षेत्रापासून दूर जाण्यापेक्षा त्यात शिरून असे पर्याय शोधणे समाजाच्या अधिक उपयोगाचे ठरेल.

निवड करताना ध्यानात ठेवण्याजोगे

कोणत्याही फार्मसी महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाला भारतीय फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का, हे कौन्सिलच्या यादीत स्वतः पाहावे. मान्यता नसेल तर पदवी मिळूनही नोंदणी होत नाही. महाविद्यालयांची संख्या फार वाढल्यामुळे कौन्सिलने २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांना पाच वर्षे परवानगी न देण्याचे ठरवले होते. तो निर्णय न्यायालयात टिकला नाही आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो अवैध ठरवला. त्यामुळे यापुढे जागा मिळणे अवघड नाही. चांगली जागा मिळणे अवघड आहे. प्रयोगशाळा चालू आहेत का, शिक्षक पूर्णवेळ आहेत का, ‘जीपॅट’ या एम.फार्म.च्या प्रवेशपरीक्षेत तिथली किती मुले उत्तीर्ण होतात, हे तिथे शिकणाऱ्या मुलांकडून समजून घ्यावे. इमारतीवरून किंवा जाहिरातीवरून अनुमान करू नये. विज्ञान महाविद्यालयाची पारखही अशीच करावी.

नावांच्या साधर्म्याने फसू नये. ‘एम.एस्सी. फार्मास्युटिकल केमिस्ट्री’ हा उत्तम अभ्यासक्रम आहे, पण तो एम.फार्म. नव्हे आणि त्यावर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. डी.फार्म. झालेल्याला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो, बी.एस्सी. झालेल्याला मात्र तशी सोय नाही, त्याला पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. एकदा एका वाटेवर गेल्यावर दुसरीवर येण्याची किंमत वर्षांत मोजावी लागते, म्हणून आरंभीचा विचार महत्त्वाचा. डी.फार्म.नंतर निर्गमन परीक्षा देण्याचा नियम २०२२ मध्ये जाहीर झाला आहे. प्रवेशाच्या वेळी त्याची ताजी स्थिती राज्य कौन्सिलकडे विचारून घ्यावी.

जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. जैन अल्पसंख्याक महाविद्यालयांत समाजातील विद्यार्थ्यांसाठी जागा असतात. त्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील धर्माची नोंद पाहून ठेवावी. ती ‘हिंदू जैन’ अशी असेल तर कोणते कागद जोडावे लागतील याची चौकशी प्रवेशाच्या धावपळीपूर्वीच करावी.

आणि सर्वांत आधी, मुलाशी बोलावे. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात त्याला समीकरणे सोडवताना आनंद वाटला, की औषध शरीरात काय करते हे वाचताना? बाविसाव्या वर्षी कामाला लागावे असे त्याला वाटते, की अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत शिकण्याची तयारी आहे? आणि उद्या घरचे दुकान नसते, तर त्याने काय निवडले असते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना वडीलधाऱ्यांनी मध्ये बोलू नये. शक्य झाल्यास मे महिन्याच्या सुटीत मुलाला पंधरा दिवस मेडिकलच्या काउंटरवर बसवावे आणि एखाद्या महाविद्यालयाची किंवा संस्थेची प्रयोगशाळा दाखवावी. कोठे वेळ पटकन गेला हे तो स्वतःच सांगेल.

त्याचे उत्तर फार्मसी असेल, तर आनंदाने पाठवावे आणि दुकानात त्याचे नाव लावावे. ते नाव शोभेचे नसेल. उत्तर विज्ञान असेल, तर दुकानासाठी योग्य पगारावर एक नोंदणीकृत फार्मासिस्ट नेमावा. पेढीच्या वार्षिक हिशेबात त्याचा पगार हा एक साधा खर्च आहे, आणि त्या खर्चात घरातील एका मुलाला किंवा मुलीला तिची स्वतःची वाट मिळत असेल, तर तो खर्च करण्याजोगा आहे.